लहान हाताची स्टिक

४ जानेवारी १९३७, सोमवार

आज पुन्हा हातातून हॉकीची स्टिक उडाली! चेंडू एकीकडे, स्टिक दुसरीकडे आणि मी मधे मोकळ्या हातांनी उभा. सगळं मैदान हसलं. मारुतीराव कॅप्टन. त्यांनी माझा हात धरून सगळ्यांना उलटासुलटा करून दाखवला. "ह्यो हात हाय व्हय रं, जिनपाल? चहाचा चमचा धरायला बरा हाय."

माझे हात लहान आहेत. आहेत तर आहेत. कोर्टात दिवसभर लिहितो तेव्हा कुणाला ते दिसत नाहीत. पण क्लबाच्या स्टिका सगळ्या मारुतीरावांच्या पंजाला बेतून आणलेल्या. त्या स्टिकांची मूठ माझ्या हातात मावत नाही, बोटं अर्ध्यावरच राहतात. हे सांगायला गेलो तर म्हणाले, "मग बायकांची घे."

हुबळीच्या रेल्वे टीमशी मॅच आहे. चोवीस तारखेला निवड. एकोणतीस वर्षांचा झालो, यंदा घेतलं नाही तर मला पुन्हा कोण विचारणार? इनसाईड लेफ्टची जागा माझी आहे. मी ती सोडणार नाही.

६ जानेवारी, बुधवार

कोर्ट सुटल्यावर कॅम्पातल्या बाजारात गेलो. यल्लाप्पाच्या दुकानात सियालकोटचा माल येतो. त्याला हात दाखवला. त्यानं स्टिकांकडे पाहिलंच नाही, आत जाऊन एक छोटी स्टिक आणली. "शाळंतली पोरं हीच नेत्यात. तुमच्या हाताला अगदी बरोब्बर."

राग गिळला. पण मूठ हातात बसली हे खरं. घेतली.

९ जानेवारी, शनिवार

पाठीचं भुसकट झालं. ती आखूड स्टिक घेऊन तासभर वाकून पळत होतो. मारुतीराव लांबून ओरडले, "काय हरवलंय रं? सापडलं की सांग!"

अरे, हात लहान आहे, पाय नाहीत! उंचीनं मी मारुतीरावांपेक्षा बोटभर जास्तच आहे. लांबी उंचीवर ठरते, हातावर ठरते ती मुठीची जाडी. एवढी साधी गोष्ट यल्लाप्पाला कळत नाही आणि तो दुकान चालवतो. आणि मला तरी बुधवारी का कळली नाही?

११ जानेवारी, सोमवार

यल्लाप्पाशी कडाक्याचं भांडलो. म्हटलं, पूर्ण लांबीची पाहिजे, वजनाला हलकी आणि मुठीला बारीक. तो म्हणाला, "साहेब, बारीक हाताची मोठी माणसं हाकी खेळत न्हाईत." म्हटलं, तुझ्यासमोर उभा आहे तो कोण?

मग मीच ढिगात बसलो. एकेक उचलायची, मनगट फिरवून बघायचं, बाजूला ठेवायची. काही पात्याकडेच जड, लहान मुठीनं आवरायच्या नाहीत. शेवटी एक सापडली. उंचीला बरोबर, हलकी, उचलली की मनगटाबरोबर वळणारी. तिचीही मूठ जराशी भरलेलीच होती, दांड्याला रबर आणि वर कातडं. यल्लाप्पा म्हणाला, वापरून बसतंय. बसेल. पण पोरांची स्टिक परत घ्यायला तो तयार नव्हता. तिथेच टाकून आलो.

१२ जानेवारी, मंगळवार

काल नवी स्टिक घेऊन घरी आलो तर शालन उंबऱ्यात आडवी.

"कातडं घरात नको. मी नेम घेतलाय, ठाऊक हाय तुम्हास्नी."

"आणि माझ्या चपला?"

"त्या बाहेरच असत्यात."

सदलग्याहून हिला करून आणली तेव्हा लोक म्हणाले होते, मुलगी गरीब आहे. गरीब! हलली नाही. घरात आम्ही दोघंच, तरी चालतं तिचंच. शेवटी स्टिक शेजारी परशरामकडे ठेवली. तो आमचा गोलकीपर. तोही हसला.

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. कासारीण आली होती. शालनचा हात दाबून दाबून म्हणाली, "लई लहान हात गं बाई तुझा. ह्या मापाच्या बांगड्या शोधायला लागत्यात." शेजारची यशोदावहिनी, परशरामची बायको, ती पण लागली कौतुकाला. किती नाजूक, किती सुबक!

बाईचा हात लहान तर कौतुक, माझा लहान तर चमचा. तिळगूळ न खाताच बाहेर पडलो. गोड बोलायची माझी इच्छा नव्हती.

१७ जानेवारी, रविवार

बसत नाही. कातडं घामानं आणखी फुगतं. खेळ सुरू करताना बुली घेतो तेव्हा ठीक, पण जोराचा फटका मारला की मूठ हातात फिरते. आज दोनदा फिरली. मारुतीरावांनी माझ्या जागी दुसऱ्याला उभं केलं. मला म्हणाले, "येत्या रविवारी बघू. न्हाईतर पाणी द्यायला ये मॅचला."

हसून म्हणाले म्हणून कमी लागलं असं नाही.

१८ जानेवारी, सोमवार

उद्यापासून खानापूरला, कोर्टाच्या कामानं. नेमकी आत्ताच पाठवणी! प्रॅक्टिस बुडणार.

२१ जानेवारी, गुरुवार



खानापूरहून आलो. परशरामकडे गेलो तर स्टिक नाही. म्हणाला, तुझ्याच घरी आहे. घरी परसात भिंतीला टेकून ठेवलेली. कातडं नाही! रबर नाही! दांडा सोलून काढलेला आणि त्यावर वाकळ शिवायचा पांढरा दोरा गुंडाळलेला, वरपासून खालपर्यंत, वेढ्याला वेढा लावून. शिवाय पात्याला तांबडी माती.

"हे कुणी केलं?"

"यशोदावहिनींनी कातडं काढलं. मी हात लावला न्हाय. दोरा तेवढा मी बांधला. आता घरात चालतंय."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

तिनं नुसता पदर सावरला. निवड तीन दिवसांवर आणि हिला धर्म सुचला! माती कसली म्हणून विचारलं तर चुलीकडे वळली. परशरामनंच नेली असणार खेळायला, दुसरं कोण? संक्रांतीच्या नव्या बांगड्यांतल्या दोन हातात दिसल्या नाहीत. म्हटलं, त्या कुठं गेल्या? म्हणाली, धुणं धुताना वाढल्या. काही म्हणून जपायचं नाही हिला.

मी जेवलो नाही. ती पण जेवली नाही. मी तिला जेव म्हटलं नाही.

२२ जानेवारी, शुक्रवार

दुसरी आणायला वेळ नाही. तीच घेऊन गेलो.

बोटं पुरी वेढली. अंगठा बोटांना जाऊन टेकला. दोऱ्यावर घाम थांबत नाही. स्टिक एकदाही फिरली नाही.

हे मी घरी सांगणार नाही.

२४ जानेवारी, रविवार

घेतलं! इनसाईड लेफ्ट, मीच!

दोन गोल माझ्या पासवर झाले. मारुतीरावांनी माझी स्टिक हातात घेतली, दोरा बोटानं चाचपला. त्यांच्या पंजात ती काडीसारखी दिसत होती. "बांधलीय झकास. कुणी रं?"

मी म्हटलं, मीच.

वाटेत स्वतःचाच राग आला. पण मग आठवलं, तिनं काही माझ्यासाठी केलं नव्हतं. कातडं घरात नको म्हणून केलं. तिच्या नेमातून माझं काम झालं, यात तिचं श्रेय ते काय?

२५ जानेवारी, सोमवार

शालनला सांगितलं की टीममध्ये आहे.

"ठाऊक हाय."

"कसं?"

"परसाच्या भिंतीवरनं मैदान दिसतंय की." मग भाकरी थापता थापता, मान वर न करता, "तुमचा डावा हात खाली सरकतोय. वरच धरा."

मैदानावर एक कॅप्टन, आता चुलीपाशी दुसरा! म्हटलं, तू भाकरी बघ. तिनं भाकरी उलटली. तळहातावर फोड होते. तव्यानं भाजलं असेल. लक्ष नसतं कामात.

२८ जानेवारी, गुरुवार

साहेब आजारी म्हणून कोर्ट दुपारीच सुटलं. घरी आलो, दार लोटलेलं. परसातून ठक्‌ ठक्‌ आवाज. आज परशरामला पकडायचाच म्हणून पाय न वाजवता गेलो.

शालन होती. कासोटा घट्ट, बांगड्या कोपराकडे सारलेल्या. लाकडी चेंडू भिंतीवर मारायची, परत आलेला पात्यानं अडवायची, पुन्हा मारायची. एकही सुटत नव्हता. डावा हात वर. माझ्या मुठीला फोड येतात तिथंच तिला आलेत. कातडं असतं तर तिला ती स्टिक हातातच घेता आली नसती.

तिनं मला पाहिलं नाही. तसाच मागं फिरलो आणि कॅम्प गाठला. यल्लाप्पा बघून वैतागला. "आता काय झालं, साहेब?"

म्हटलं, आणखी एक पाहिजे. मुठीला बारीक आणि कातडं न लावलेली. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या माणसाची.

"पोरासाठी व्हय?"

"नाही. मोठं माणूस आहे. हात माझ्यापेक्षा लहान आहेत."