दाजींच्या गिरणीची पाटी

छत्रपती संभाजीनगर,
बुधवार

तीर्थरूप सूर्यभान दाजींना औरंगपुऱ्याहून कडूबाचा रामराम. तुमचा गुडघा, अक्काची शुगर आणि गिरणीचा पट्टा तिन्ही धड आहेत असं धरून चालतो. (तुम्ही माझा फोन कट करता म्हणून पत्र. पत्राला ते बटण नसतं.)

तर इथं अक्षरांचं मोठं प्रदर्शन भरतंय. जपान, इराण, तुर्कस्तान, कुठकुठले लिहिणारे आलेत. मला बोलावलं होतं नुसती फाटकावरची कमान रंगवायला. मी शिडीवर, आणि खाली संयोजक विश्वजीत साहेब इंग्रजीत रडत होते, की मुंबईचा कलाकार आजारी पडला, मराठीची भिंत मोकळी राहणार. (पेंटरला इंग्रजी येत नाही असं धरून लोक शिडीखाली काय वाट्टेल ते बोलतात. निम्म्या शहराची भांडणं मला अशीच ठाऊक झाली.) मी वरूनच म्हणालो, "साहेब, ती भिंत मला द्या." ते हसले. "मामा, हे दुकानाच्या पाट्यांचं काम नाय!"

मी भिंतीचा नाद सोडला नाही. शहागंजात बारा वर्षं उर्दू पाट्या रंगवल्यात, ते कामी आलं. इराणचे उस्ताद कमानीखाली थांबले, तसं त्यांचं नाव त्यांच्याच लिपीत डब्याच्या झाकणावर काढून दिलं. माणूस इतका खूश झाला की ओलं झाकण छातीशी धरलं, आणि पांढऱ्या सदऱ्यावर त्यांचंच नाव उलटं उमटलं! मी टर्पेंटाईन घेऊन मागं धावलो, तर सदरा पुसू देईनात. दिवसभर तसेच हिंडले. मग विश्वजीत साहेब नरमले. म्हणाले, "भिंत तुमची; पण निदान वीस वर्षांपूर्वीची, हातानं रंगवलेली एक तरी पाटी आणा."

दोन दिवस स्कूटरवर सगळं शहर पालथं घातलं. माझ्या पाट्यांच्या जागी जिकडंतिकडं फ्लेक्स. एक सापडली, तिचं कोंबड्यांचं खुराडं झालंय, आणि मालकीण कोंबड्या हलवायला तयार नाही. पण भिंत मी सोडणार नाही, हे नक्की.

अक्काला नमस्कार.

आपला,
कडूबा

ता. क. एक पाटी शिल्लक आहे. तुमच्या गिरणीची, १९९४ ची. चौथ्या दिवशीच उतरवून तुम्ही ती हौदावर पालथी घातली. पालथी म्हणून ऊन लागलं नाही; रंग जसाच्या तसा असणार. तुमच्या रागानं टिकली म्हणायची. शनिवारच्या एसटीनं तीच घेऊन या. अक्काला राखेनं घासू देऊ नका.

ता. क. दुसरा. 'सूर्यभान पीठ गिरणी' चार बोटं आणि खाली 'कडूबा पेंटर' वीतभर, हे पत्रा कमी पडल्यामुळं झालं असं मी तीस वर्षं सांगतोय. पत्रा पुरेसा होता. पाटी स्टँडच्या रस्त्यावर लागणार होती, आणि अख्ख्या कन्नड गावानं माझं नाव वाचावं असं मला वाटलं. चुकलं, दाजी.

ता. क. तिसरा. भिंतीवर नावाचं कार्ड मी आजच लावून टाकलंय. त्यावर 'सूर्यभान यांच्या संग्रहातून' हे वीतभर, आणि माझं नाव चार बोटं. वर भिंत मोकळीच आहे, आणि जपानचे पाहुणे सकाळपासून दोनदा विचारून गेले, हे सूर्यभान कोण.