कोपराचा धक्का

प्रिय दादा,

रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनांचं नवं भाषांतर आलं, तेव्हा आपल्या आईसारख्यांना कुणी विचारलंच नाही, हे दुःख आपल्या दोघांचंही आहे. तू धर्मगुरू असून ते उघड बोललास. मी मात्र तुला जुनाट म्हणालो आणि नऊ धर्मग्रामांतल्या चर्चमध्ये नव्या प्रार्थनांचे वर्ग घेत फिरलो. माझं भाषण पेटलं की माणसं टाळ्या वाजवत.

आपल्या चर्चमध्ये मी बजावलं, "फादरच्या प्रार्थनेला जो शेजारी जुन्या शब्दांत उत्तर देईल, त्याला कोपराने ढोसा!" सगळे हसले. त्या रविवारी आईला दोन्ही बाजूंनी धक्के बसले. तिसऱ्या धक्क्यानंतर तिने मिस्सात ओठ मिटले, ते कायमचेच.

आता ती अंथरुणाला खिळली आहे. डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. मी म्हटलं, "फादरना बोलावतो, इथेच मिस्सा होईल."

"नको रे बाबा. मला तुझं नवीन येत नाही. मरता मरता कशाला ढोसून घेऊ?"

ती हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो.

भाषांतर चांगलंच आहे, हे मी आजही मानतो. पण आईला गप्प मी केलं. हे तुला सांगणारी तीन पत्रं खणातच पडली आहेत, आणि हेही पोस्टात टाकायचं धाडस होईल का, ठाऊक नाही.

दादा, हे पत्र मिळताच ये. तिच्या उशाशी बसून जुन्या शब्दांत मिस्सा म्हण, आणि तिला उत्तर देऊ दे.

तुझ्याशी अबोला धरलेला,
धाकटा