पळपुटा हा शब्द

धनराज, भावा,

मेडशीहून जीप घेऊन आम्ही पानिपतला आलो. वीस वर्षं ज्याच्यावर भाषणं ठोकली, ते रणांगण मी आज प्रथमच पाहिलं. काला अंबच्या बागेत स्तंभासमोर माती कपाळाला लावली आणि सवयीनं सुरूच झालो, "इथून एकही मराठा पळाला नाही!"

बाकावरचा, लढाईनंतर इथेच राहिलेल्या मराठ्यांच्या वंशातला एक म्हातारा शेतकरी हसला. म्हणाला, "हमारे पुरखे तो भागे थे, भाई. जंगल में छिपे, तभी तो आज हम हैं."

तुझी वहिनी लगेच माझ्याकडे वळली. "ऐकलं? मिलिटरीचं ट्रेनिंग सोडून आला, तर धनराजले भर सभेत पळपुटा म्हटलं तुमी. सहा वर्सं झाले, त्यानं गावात पाय नाही ठेवला. आता या बुढ्यालेही म्हना!"

मला म्हणता आलं नाही. चूक माझी होती, हे मी ठणकावून लिहितो.

तरी हे पत्र टपालात टाकणार नाही. तो शब्द मी शिरपूरच्या सभेत माईकवर उच्चारला होता. परतही तिथेच, माईकवरच घेईन. मग तुला न्यायला येईन.

तुझा भाऊ,
जगदेव