सरव्याची घंटा

रविवार, ५ सप्टेंबर १९७६

जिल लिहिते, मी बोलते. अट एकच — तिनं मध्ये तोंड घालायचं नाही. नातीचा पाय प्लास्टरमध्ये आहे, म्हणजे कंटाळली तरी पळून जाता यायचं नाही! आत्ता हसली. हेही लिही म्हटलं.

हा सगळा उपद्व्याप विल्फ पेटिटचा. सुगीच्या रविवारी चर्चमध्ये गावच्या जुन्या आठवणींचं पुस्तक वाटायचंय त्याला. म्हणाला, "केझाया, आता मार्लसेटमध्ये सगळ्यांत जुनी तूच." म्हटलं, "आणि घंटेचा मनोरा?" तर म्हणे, "तो बोलत नाही ना."

जिल म्हणाली, आजी, तू रोज थोडंथोडं वहीत सांग, त्यातलं निवडून विल्फला देऊ. ठीक. पण वही माझी. निवडणार मी.

सोमवार, ६ सप्टेंबर

शाळेत मी चार वर्षं बसले. अक्षरं काही बसली नाहीत. पाटीवर बेडकाच्या पिल्लांसारखी वळवळायची, एक धरावं तर दुसरं निसटायचं. बाईंनी शेवटी मला मागच्या बाकावर मोजे विणायला लावलं. अर्ध्या गावाचे पाय मी झाकलेत, पण स्वतःचं नाव काही मला लिहिता येत नाही.

शेजारी थर्झा गॅरड बसायची. बाईंनी मला वाचायला उभं केलं की ओठ न हलवता कुजबुजायची, मी पोपटासारखं म्हणायची. एकदा मुद्दाम चुकीचं सांगितलं. येशूनं पाच भाकरींऐवजी पाच डुकरं आणि दोन मासे वाटले म्हणून मी ठणकावून सांगितलं! दोघींना छड्या. दोघी हसतोय.

पुरे आज.

गुरुवार, ९ सप्टेंबर

जिल विचारते, सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसं, वेचायला घंटा कशाला? आताच्या पोरांना भाकरी दुकानात उगवते असं वाटतं.

कापणी झाली की शेतकरी शेतात एकच पेंढी उभी ठेवायचा. तिला आम्ही 'पोलीस' म्हणायचो. पोलीस उभा आहे तोवर शेतात पाऊल टाकायचं नाही. पोलीस हलला की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चर्चची घंटा, आणि मग बायकापोरं सगळी एकदम आत. म्हातारी, लेकुरवाळी, सगळ्यांना सारखी संधी. घंटेआधी एक कणीस उचललं तरी ती चोरी, आणि ती शेतकऱ्याची नव्हे — शेजारणीच्या पोरांच्या तोंडातली. सरव्याचं पीठ ईस्टरपर्यंत पुरवायचं असे. या सगळ्यावर एक राणी नेमलेली. राणी म्हणजे विल्फची आजी, मिसेस पेटिट. डोक्यावर काळी टोपी, हातात काठी, आवाज बैलाचा. तिचा शब्द शेवटचा.

मंगळवार, १४ सप्टेंबर

विल्फ पुस्तकाची पानं घेऊन आला. चहाबरोबर तीन केक खाल्ले आणि मोठ्यानं वाचत सुटला. मी विणत होते.

"एकोणीसशे बाराच्या सुगीत गॅरड कुटुंबानं घंटेआधी सरवा वेचला. राणीनं त्यांना त्या साली शेतबंदी केली. पुढं ते गाव सोडून गेले."

माझे तीन टाके सुटले.

"एवढं कशाला हवंय पुस्तकात, विल्फ्या?"

"अगं, तेच तर लोकांना आवडतं! आजी नेहमी सांगायची."

पुस्तक टाइप करणाऱ्या पोर्टरांच्या सुनेला म्हणे फार हसू आलं.

बुधवार, १५ सप्टेंबर

आज काही सांगायचं नाही.

गुरुवार, १६ सप्टेंबर

जिल, लेखणी खाली ठेव म्हटलं तरी ठेवू नकोस. एकदा थांबले तर परत बोलायची नाही मी.

मी केलं ते. थर्झानं नाही.

आई बाळंतीण होती. आमच्याकडून वेचायला येणारी मी एकटी, दहा वर्षांची, आणि हाताला मंद. थर्झाकडं चार जणी. मनात आलं, ईस्टरला यांच्या घरी पीठ असेल, आमच्या घरी नसेल. त्या पहाटे धुकं होतं. काटेरी कुंपणातून सरपटत आत गेले. जमिनीवरची कणसं वेचली — आणि पोलिसाच्या पेंढीतलीसुद्धा उपटली! आदल्या दिवशी हलवायचा तो शेतकऱ्यानं त्या सकाळी हलवायचा ठेवला होता. परत येताना माझ्या एप्रनचा कोपरा काट्याला फाटून राहिला. मोळी लपवायची कुठं? कुंपणापलीकडं थर्झाच्या आईची बाबागाडी होती, सरवा न्यायला आधीच आणून ठेवलेली. तिच्याखाली ढकलली. घंटा झाली, गर्दी झाली, की उचलू म्हटलं.

घंटेआधी राणी आली. दवातली पावलं तिला दिसली. काठीनं बाबागाडी बाजूला केली.

"कुणाची ही?"

थर्झानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या एप्रनकडं. मी जमिनीकडं.

"बोल की गं पोरी! गाडी तुमचीच ना?"

थर्झा गप्प.

"गप्प आहे म्हणजे हिचीच."

तिच्या आईनं तिथंच तिला दोन थोबाडीत मारल्या. मग घंटा वाजली. आम्ही सगळ्या आत गेलो. त्या चौघी फाटकाबाहेर उभ्या. मी त्या दिवशी पुष्कळ वेचलं, जिल. इतकं कधीच वेचलं नव्हतं.

संध्याकाळी कुंपणाशी गेले. कापडाचा तुकडा नव्हता. कुणाला तरी सापडला, आता मी संपले — असं वाटून आठ रात्री झोप नाही. पण कुणी काही बोललं नाही. सप्टेंबरअखेरच्या मिकेलमस सणाला शेतकऱ्यानं गॅरडांना राहायला दिलेलं झोपडं काढून घेतलं. चोरांना ठेवून घेत नाही म्हणाला.

आईला सांगितलं, एप्रन कुत्र्यानं फाडला. तिनं उरलेल्याची ठिगळं केली. ती माझ्या रजईत आहेत — निळ्या फुलांची. चौसष्ट वर्षं त्याखालीच झोपते.

जिल रडते आहे. वहीवर पाणी पाडू नकोस, शाई फुटेल.

सोमवार, २० सप्टेंबर

अजून एक. पुढच्या वसंतात पोस्टमन फाटकाशी आला. "केझाया, तुला पत्र! इप्सविचहून. मागं गॅरड लिहिलंय. वाचून दाखवू?" मी ते त्याच्या हातातून हिसकावलं.

कुणाकडून वाचून घ्यायचं? जो वाचेल त्याला कळेल. आईला नाही. बाईंना नाही. पुढं लग्न झालं — अल्बर्टला वाचता यायचं, पण तो मला चांगली समजायचा. बटणांच्या डब्याच्या तळाशी ठेवलं ते, फोडलंसुद्धा नाही. काय लिहिलं असेल ते मी इतक्यांदा मनात ऐकलंय की पाठ झालंय. "चोर तू, आणि मार मला." किंवा, "एकदा येऊन खरं सांग, बाबांना काम मिळत नाही." हे दुसरं जास्त वाईट.

जिल डब्याकडं बघते. नाही.

शुक्रवार, २४ सप्टेंबर

विल्फला बोलावलं. सगळं सांगितलं. म्हटलं, ते वाक्य काढ, माझं नाव घाल.

बशीत चमचा फिरवत म्हणाला, "केझाया, तुझं वय झालंय. कुणाचं ऐकलेलं स्वतःचं वाटायला लागतं."

"माझी अक्कल अजून जागेवर आहे, विल्फ्या. तुझे दात नाहीत तेवढी!"

"माझ्या आजीनं अख्ख्या गावासमोर न्याय केला. तो चुकला असं छापू? पुरावा काय?"

"मी."

"तू पुरावा नव्हेस गं. पुस्तक छापून आलंय. रविवारी वाटायचंय."

जाताना केक घेतला नाही.

शनिवार, २५ सप्टेंबर

जिल म्हणाली, "आजी, थर्झानं पत्रात लिहिलंच असेल ना, कोणी केलं ते? तोच पुरावा."

हो. तेच तर भय होतं, तेच आता हवंय! उद्या. चर्चच्या आधी.

रविवार, २६ सप्टेंबर

जिलनं फोडलं. कागद नाही. एक अक्षर नाही. माझ्या एप्रनचा निळ्या फुलांचा कोपरा, काट्यानं फाटलेला, नीट घडी केलेला.

रजई काढायला सांगितलीय. ती खांद्यावर आणि हा कोपरा मुठीत घेऊन चर्चमध्ये जाणार आहे.

मला वाचता येत नाही, हे थर्झाइतकं कुणाला ठाऊक होतं?