दोन बाय तीनचा समुद्र

५ जानेवारी, रविवार
आजपासून रोज लिहायचं. आर्टिस्ट माणसाने डोक्यात येईल ते लिहून ठेवावं, असं शुभा मॅडम म्हणाल्या. मॅडम म्हणजे आमच्या पेंटिंग क्लासच्या. क्लास मुलुंडच्या एका सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये, दर रविवारी. मी सोडून सगळे एकतर आठ वर्षांचे नाहीतर साठ वर्षांचे. त्यामुळे कॉम्पिटिशन नाही.
नवीन विषय मिळाला. समुद्राखालचं कोरल. मनात म्हटलं, झकास. अख्ख्या क्लासमध्ये मालवणचा मी एकटा. बाकीच्यांनी समुद्र बघितलाय तो जुहूचा, तोही भेळ खाता खाता. मॅडमनी विचारलं, सर्वेश, तू खाली जाऊन बघितलं असशील ना रे? मी हो म्हटलं. डिटेलमध्ये गेलो नाही.

६ जानेवारी, सोमवार
डॉक्टरांशी बोललो. डॉक्टर देवव्रत, दातांचे. दोन वर्षं झाली मी त्यांच्याकडे असिस्टंट आहे. असिस्टंट म्हणजे हत्यारं उकळायची, पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी धरायची, दाताचं माप घेताना तो गुलाबी लगदा कालवायचा, साच्यात प्लॅस्टर ओतून जबडे काढायचे आणि शेवटी लादी पुसायची. गावी फक्त असिस्टंट एवढंच सांगितलंय.
पंधरा फेब्रुवारीला क्लिनिकला दहा वर्षं होतात. मुलं रडू नयेत म्हणून वेटिंग रूमच्या मोठ्या भिंतीवर डॉक्टरांना समुद्र हवाय. स्टिकरवाल्याला बोलावणार होते. मी म्हटलं, सर, स्टिकर कशाला, मी आहे ना. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, आधी दोन बाय तीनच्या कॅनव्हासवर करून दाखव. आठ फेब्रुवारीपर्यंत. आवडलं तर भिंत तुझी.
म्हणजे मिळालीच. दाखवणं काय, नावापुरतं.
आईला फोन केला. भिंत मिळाली म्हणून सांगून टाकलं. आईने एव्हाना अख्ख्या वाडीला सांगितलं असेल.

७ जानेवारी
ठरलं. रोज पहाटे पाचला उठून एक स्केच. मग आंघोळ. मग काम.

८ जानेवारी
उठलो. साडेआठ. दोष माझा नाही. भांडुपच्या खोलीत आम्ही पाच जण, लाइट लावली की चौघं शिव्या घालतात. नवीन प्लॅन: क्लिनिक दुपारी दोन ते पाच बंद असतं. तेव्हा काढायचं. उजेडही चांगला.

९ जानेवारी
दुपारी पेशंटच्या खुर्चीत बसून विचार करत होतो. ती खुर्ची जरा जास्तच मागे जाते. सपनाने हलवून उठवलं. सपना म्हणजे आमची रिसेप्शनिस्ट. म्हणाली, काय पिकासो, तोंड उघडं टाकून झोपला होतास, डॉक्टरांनी एखादी दाढ काढली असती तरी कळलं नसतं.
तिला आर्टिस्ट लोक डोळे मिटून विचार करतात हे माहीत नाही.

१२ जानेवारी, रविवार
मॅडमनी पायऱ्या सांगितल्या. पहिलं फक्त पाणी. वर उजेड, खाली काळोख, ओल्या रंगात रंग मिसळत जायचं. ते पूर्ण वाळू द्यायचं. मग लांबचे खडक, मग जवळचं कोरल. मासे सगळ्यात शेवटी.
प्रेमा काकू, वय सहासष्ट, दोन तास निळ्यावर निळं फिरवत बसल्या होत्या. चेहऱ्यावर काहीच नाही. मला ते जमायचं नाही. नुसतं पाणी काय काढायचं? पाणी सगळीकडे सारखंच असतं. मी डायरेक्ट मासे घेतले. शेवटी करायचे ते आधी केले की शेवट लवकर येतो.

१४ जानेवारी
मासे पूर्ण. एक मोठा मधोमध, आठ बारीक. बांगडा, सुरमई, दोन पापलेटं. खवलं न् खवलं काढलं.
सपना म्हणाली, छान आहेत रे, पण आडवे का पडलेत? मी म्हटलं, पोहतायत. म्हणाली, डोळे पांढरे, तोंड उघडं, सगळे एका लाइनीत, बाजूला बर्फ काढ आणि एक कोळीण बसव.
हिला बाजारातल्या मासळीशिवाय काही माहीत नाही. मीही मासे बाजारातच बघितलेत म्हणा. पण मी आर्टिस्टच्या नजरेने बघितले.

१९ जानेवारी, रविवार
मॅडम म्हणाल्या, सर्वेश, मासे मेलेत. मॅडम व्हेज आहेत, त्यांच्याशी काय वाद घालायचा? मग म्हणाल्या, घाई करतोस, जे नीट बघितलंयस तेच हातातून उतरतं, म्हणून आधी बघ.
माशांवर रंग मारावा लागणार. अख्खी मेहनत पाण्यात. खांदे दुखतायत. आठवडाभर रोज रात्री अकरापर्यंत पेशंट आहेत.

२१ जानेवारी
नंदूदादाला फोन केला. नंदूदादा माझा मोठा भाऊ, मालवणात टुरिस्ट लोकांना बोटीतून नेऊन कोरल दाखवतो. लोकांचं डोकं पाण्यात घालायचं, परत बाहेर काढायचं, हाच धंदा. त्याला म्हटलं, कोरलचे फोटो पाठव, रेफरन्स हवाय. तर अर्धा तास हसत होता. तू कधी पाण्यात उतारलंस काय रे मेल्या, म्हणाला. लहानपणी बोटीच्या टोकावर बसून मी कसा रडायचो ते पुन्हा सगळं सांगितलं. मला सर्दीचा कोठा आहे, हे घरात कोणी कधी समजूनच घेतलं नाही.
वर म्हणाला, फेब्रुवारीच्या बारा तारखेनंतर बोटीच्या इंजिनचा पार्ट घ्यायला मुंबईला येणार आहे, तेव्हा भिंत बघून जाईन. आईने फोटो काढून आणायला सांगितलाय.

२२ जानेवारी
दादाने व्हिडिओ पाठवला. बघितला. निराशा. पाणी गढूळ, कोरल खाकी आणि चॉकलेटी, मध्येच दादाचा अंगठा. आमच्या समुद्राला कलर सेन्स नाही. असलं काढलं तर पोरं आणखी रडतील. व्हिडिओ डिलीट. मी मनातून काढणार.

२४ जानेवारी, दुपार
आज हात चालला!! गुलाबी कुठला घ्यावा कळत नव्हतं. ट्यूबमधला फारच साडीसारखा. डोळे मिटले आणि एकदम बरोबर गुलाबी समोर आला. जरा लाल, जरा जांभळा, वरून ओलसर चमक. कुठे बघितला आठवत नाही, पण बघितलाय हे नक्की. पहिल्या झटक्यात जमला.
मधल्या मोठ्या माशावरही तोच रंग फिरवला. आता ते एक लांबट, मऊ, पसरलेलं कोरल झालंय. कोणाला कळणार नाही खाली सुरमई आहे.

२७ जानेवारी
पांढरं कोरल घेतलं. ट्यूबमधला पांढरा खोटा वाटतो. त्यात पिवळा घातला, मग चिमूटभर चॉकलेटी. दातावर कॅप बसवताना डॉक्टर रंगांची पट्टी तोंडाजवळ धरतात ना, त्यातला तिसरा नंबर. एकदम नॅचरल. असे बरेच तुकडे गुलाबीतून वर आलेले दाखवले. कोरलला भोकं असतात असं नेटवर वाचलं, म्हणून मधे मधे काळी भोकं. आजूबाजूला जरा हिरवट शेवाळ.
कॉम्पोझिशनचाही विचार केला. वर एक कमान, खाली एक कमान. बघणाऱ्याची नजर आत खेचली जाते.

३० जानेवारी
आज बारा पेशंट. एका आजोबांनी बोट चावलं. दुपारी ब्रश हातात धरवेना. मढला शूटिंगच्या बंगल्यांत सेट रंगवायला माणसं लागतात म्हणे. एकदा जाऊन यायला पाहिजे. रविवारी जातो.

२ फेब्रुवारी, रविवार
मढला गेलो नाही. क्लास होता.
राहिलेलं पाणी भरून टाकलं. ऑइलचा गुलाबी अजून ओला होता, त्यात निळा मिसळला आणि मागचं सगळं गडद मरून झालं. आधी कपड्याने पुसायला गेलो. मग लांबून बघितलं. खोल समुद्र असाच असणार. निळा वगैरे वरवर बघणाऱ्यांसाठी.
प्रेमा काकूंचं चित्र झालं. वरून उजेडाच्या तिरप्या रेषा, खाली हलणारं काहीतरी, बघताना थंड वाटतं. छान आहे. पण धाडस नाही.
माझ्यासमोर मॅडम बराच वेळ उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, सर्वेश, तू काम कुठे करतोस रे? मी म्हटलं, डेंटिस्टकडे. त्या नुसतं हं म्हणाल्या. मग म्हणाल्या, प्रामाणिक चित्र आहे. क्लासमध्ये हे दुसऱ्या कोणालाच म्हणाल्या नाहीत.
प्रेमा काकूंनी गालावर हात दाबून धरला होता. इमोशनल झाल्या असतील.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज दाखवलं.
सकाळी वेटिंग रूमच्या खुर्चीवर चित्र ठेवून वर चादर टाकली. डॉक्टर यायच्या आत एक पेशंट आली, दिशा, सहा वर्षांची, पहिल्या मिनिटापासून भोकाड. आईने सोबत चॉकलेट आणलेलं. म्हटलं, हीच टेस्ट. चादर काढली.
पोरगी गप्प. एकदम गप्प. मी सपनाकडे बघितलं, बघितलंस? पोरीने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, आईच्या मागे गेली आणि बारीक आवाजात म्हणाली, मी रात्री पण ब्रश करीन. चॉकलेट आईच्या पर्समध्ये परत टाकलं.
डॉक्टर दारात उभे होते. कधी आले कळलं नाही. जवळ आले, वाकले, खिशातला टॉर्च काढून चित्रावर मारला. पेन घेऊन एकेक दाखवायला लागले. ही सूज. हे किटण. ही हिरडी सुटलेली, हा दात हलणार. ही जीभ. मी म्हटलं, सर, ते मऊ कोरल आहे. ते म्हणाले, सर्वेश, मी दहा वर्षं लोकांना पायोरिया समजावतोय, कंपनीचे एवढे चार्ट लावले, असं कोणी मला काढून दिलं नाही. तू बघून काढलंस? मी म्हटलं, मनातून. ते म्हणाले, कमाल आहे.
सपना बाहेर जाऊन हसून आली. आल्यावर डोळे पुसत होती. तरी म्हणाली, जीभ मस्त झालीय हां, खरंच.
भिंतीचं मीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, अरे, स्टिकरची ऑर्डर मागच्याच महिन्यात दिली होती, राहून नको जायला म्हणून.

९ फेब्रुवारी, रविवार
क्लासला गेलो नाही. सर्दी.

१२ फेब्रुवारी
स्टिकरवाला आला. निळा समुद्र, नारिंगी मासे, सगळ्यांना पापण्या. त्याचा माणूस आला नव्हता म्हणून एक टोक मी धरलं. वर बुडबुडे राहू नयेत म्हणून कपड्याने मीच दाबत गेलो. खाली कोपऱ्यात एक राहिलाच.
माझं चित्र आत, पेशंटच्या खुर्चीसमोर लावलं. खिळा मीच ठोकला. एका अर्थी तीच चांगली जागा. बाहेर लोक मोबाइल बघत बसतात. आत माणसाला दुसरं काही बघताच येत नाही.
आईचे दोन मिस्ड कॉल.

१५ फेब्रुवारी, शनिवार
क्लिनिकला दहा वर्षं. समोसे, पेढे. अकराच्या सुमाराला नंदूदादा आला, खांद्यावर इंजिनचा पार्ट, गोणपाटात गुंडाळलेला. भिंतीसमोर उभा राहिला. ही तुझी भिंत? मी म्हटलं, हो. एवढं खोटं नाही, अर्धी मीच लावली. म्हणाला, बरी झालीय. मग पुढे जाऊन एकेक मासा बघितला आणि म्हणाला, ह्यातलो एक पण आमच्याकडचो नाय. तरी फोटो काढला, आईसाठी. मला भिंतीला टेकून उभा केला. हस मेल्या, म्हणाला. हसलो.
सपना सगळं ऐकत होती. दादाला पेढा दिला, तर त्याने डाव्या बाजूने चावला आणि कळवळला. डॉक्टर म्हणाले, या की आत, भावाची दाढ फुकट बघतो.
मी नळी धरून उभा. दादा खुर्चीत मागे गेला आणि समोर बघितलं. मग बघतच राहिला. जो माणूस उधाणात बोट घालतो, त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला. डॉक्टर हात धुवायला वळले तेव्हा हळूच मला विचारलं, ह्यां कोणाचां तोंड रे?
डॉक्टर सांगणार, एवढ्यात मीच म्हटलं, एका पेशंटचं.
दादाने खिशातून तंबाखूची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. टाकून दे म्हणाला.

१७ फेब्रुवारी
आईचा फोन. फोटो मिळाला. वाडीत सगळ्यांना दाखवून झाला, भिंत सगळ्यांना आवडली. नंदू तंबाखूला हात लावत नाही, जेवणात पण गप्प गप्प असतो. आत कोणाच्या तरी तोंडाचा फोटो बघून आलाय म्हणे, डोळ्यांसमोरून जात नाही म्हणतो. कोण रे तो, आईने विचारलं. मी म्हटलं, आहे एक जण. आईने आधी देवाचं नाव घेतलं. मग म्हणाली, बरो होतलो मा तो?
म्हटलं, वेळ लागेल.