माझ्या नावावरचा तुझा गोल

मुस्तगानेम, अल्जीरिया, ४ एप्रिल २०२६

प्रिय मिलूद,

सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद. अठ्ठावीस वर्षांनी माझं पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे जिवंत आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण त्याची तक्रार ऐकायला घरात कोणी थांबत नाही. तुझी वहिनी झुलीखा बरी आहे आणि तिची जीभ तर फारच बरी आहे. तिकडे फ्रान्समध्ये ग्रेनोब्लची थंडी सरली असेल.

आपल्या हिलाल फुटबॉल क्लबला यंदा शंभर वर्षं होतात आणि त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नुसता वैताग आहे रे! अध्यक्ष आहे नसीम, औषधांच्या दुकानवाला, वय पस्तीस. रोज संध्याकाळी दारात हजर.

"हाजी, स्थापना १९२१ ची लिहा ना."

"का बाबा?"

"शेजारच्या गावाचा क्लब १९२३ चा आहे. आपण काय त्यांच्यापेक्षा धाकटे ठरायचं?"

"अरे, १९२१ धरलं तर शंभरी पाच वर्षांपूर्वीच उलटली. मग मंडप कशाचा घालतोयस?"

त्याने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाला, "असं लिहा, की १९२१ साली विचार सुरू झाला."

कद्दूर न्हाव्याच्या दुकानात अकरा माणसं आणि बुटांचे तीन जोड एवढ्यावर क्लब निघाला, हे त्याला कमीपणाचं वाटतं. फ्रेंच साहेबाने संघात गोरे घ्यायलाच लावले, म्हणून पाववाल्या पेपेचं नाव यादीत घातलं. सात वर्षं खेळला, पण शर्टाला कधी माती लागली नाही. नसीम म्हणतो, त्याला काढा. मी म्हटलं, छप्पन साली स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी क्लब बंद केला तेव्हा आपले हिरवे शर्ट त्याच पेपेने पिठाच्या पेटीत लपवले होते. तो गेला तर मीही जाईन. पेपे राहिला. मग सहासष्ट आणि एकोणसत्तरचं विजेतेपद लिहिलं. पुढे तीनदा खालच्या गटात घसरलो, ते म्हणे एका ओळीत उरकायचं.

चौऱ्याहत्तरच्या चषकापाशी आलो आणि पेन पुढे सरकेना. तीन आठवडे मी कपाटं आवरली. वहिनी म्हणाली, "एवढी कपाटं आपल्या घरात आहेत हे मलाही ठाऊक नव्हतं."

आता टाळून चालणार नाही. माझ्याकडून जे झालं ते मला एकदा क्रमाने लिहू दे.

उपांत्य सामन्यात तू पंचाला ढकललंस आणि तुझ्यावर चार सामन्यांची बंदी आली. प्रशिक्षक सी तय्यब अम्माकडे आले. "बूअलामचं ओळखपत्र द्या. नाही तरी दोन वर्षं हा बाकच गरम करतोय." माझ्या फोटोसारखं दिसावं म्हणून तू मिशी उतरवलीस आणि माझं नाव घेऊन वहरानला अंतिम सामना खेळायला गेलास. मी रस्त्यावर दिसलो असतो तर सगळंच उघडं पडलं असतं, म्हणून अम्माने मला खिडक्या लावून आत कोंडलं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला तू गोल केलास. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ठळक अक्षरांत माझं नाव.

तेव्हा सगळा मोहल्ला जाणून होता आणि पोट धरून हसत होता. मीही हसायचो. पण जाणणारे एकेक करून गेले, मागे कागद राहिला. चहावाला पैसे घेईना, तेव्हा मी गप्प राहिलो. मग एका रमजानात कोणीतरी विचारलं, "हाजी, तो गोल कसा मारलात?" आणि मी सांगितलं! डाव्या पायाने, वीस पावलांवरून. पुढे दरवर्षी अंतर वाढत गेलं. हल्ली पस्तीस पावलं झाली आहेत. स्वतःची चीड येते मला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी अम्मा गेली तेव्हा तू आलास. तिसऱ्या दिवशी आपण चहाच्या दुकानात बसलो होतो. एका पोराने तुला विचारलं, "तुम्ही त्या गोलवाल्यांचे भाऊ ना? तुम्हीपण खेळायचात का?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी साखर ढवळत राहिलो. तू म्हणालास, "नाही बाळा, मी नुसता बघायचो." दुसऱ्या दिवशी तू निघून गेलास आणि मी तुला थांबवलंही नाही. त्यानंतर एक दिवस असा गेला नाही की मला त्याची लाज वाटली नाही.

गेल्या शुक्रवारी क्लबच्या सभेत उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. गोल मिलूदचा, नाव माझं. मला वाटलं, जोडे पडतील. नसीम उठला आणि मला मिठीच मारली. "बघा, केवढं मोठं मन! परदेशातल्या भावाला आपला गोल देऊन टाकला!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी जुनं वर्तमानपत्र आणून माझं नाव मोठ्याने वाचलं. आता मैदानाच्या दरवाजावर ते कोरणार आहेत. मी ओरडलो, हातपाय आपटले, तर म्हणाले, हाजींना फार विनय आहे.

घरी येऊन वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "इतकी वर्षं खोटं सांगितलंत, ते पटलं. आता भोगा."

त्या अंतिम सामन्यातल्या अकरा जणांपैकी आता तू आणि गोलकीपर हबीब, दोघेच उरलात. हबीब हल्ली स्वतःच्या मुलीलाही ओळखत नाही. म्हणजे एकटा तूच. पंधरा मे रोजी दरवाजाचा पडदा उघडणार आहेत. त्याआधी ये, मिलूद. त्यांच्यासमोर मला खोटारडा म्हण. हवं तर कानफटात मार, मी हलणार नाही. नाही आलास तरी तुझी चूक नाही. पण तो दरवाजा माझ्या नावाने उभा राहिला तर मी त्यातून पुन्हा आत जाणार नाही.

आलास तर आधी घरी ये. चेंडू कुणी दिला, कोणत्या पायाने मारलास, किती लांबून, सगळं मला नीट सांग. पुस्तकात तेच लिहीन. बावन्न वर्षं मी लोकांना तो गोल सांगतोय, आणि मी तो पाहिलेलाच नाही रे.

तुझा अपराधी थोरला,
बूअलाम