रविवारच्या आधीचा अ‍ॅपल पाय

होम्स काउंटी, ओहायो
बुधवार, ३ ऑक्टोबर २०१२
संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं

प्रिय एनोसदादा,

प्रभूच्या नावाने तुला नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत, तूही असशील. ओव्हनचं दार मी तिसऱ्यांदा उघडून पाहिलं तेव्हा आईने मला टेबलाशी जाऊन बसायला सांगितलं, म्हणून हात धुऊन कागद घेतला आहे.

खुशाल लिहिलं खरं, पण आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. घाबरू नकोस. मागच्या मंगळवारी ती आंबट सफरचंदांच्या झाडाला शिडी लावून चढली आणि उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या विसरली. मनगट मोडलं. टोपलीतल्या एकाही सफरचंदाला धक्का लागला नाही, हे ती भेटेल त्याला सांगते.

आपली फॅनी दिवसभर चीजच्या दुकानात कामाला असते, तेव्हा अ‍ॅपल पाय करायचं काम माझ्याकडे आलं. कपाटांच्या कारखान्यातून आज मी दुपारीच सुट्टी घेतली. आई खुर्चीत बसून सांगणार, मी करणार. मैदा, मीठ, डुकराची चरबी. चरबी सुरीने मैद्यात तोडत तोडत वाटाण्याएवढी करायची आणि मग विहिरीचं गार पाणी चमच्याने घालायचं.

"किती चमचे?" मी विचारलं.

"लागतील तितके."

मी पेन्सिल घेऊन बसलो होतो, दादा. यात लिहून काय घ्यायचं?

पारी मी फूटपट्टी लावून लाटली, बरोबर बारा इंच. एका कडेला पाव इंच कमी पडली, म्हणून मोडून पुन्हा गोळा केला. असं चार वेळा झालं. पहिला भाजून बाहेर काढला तर त्यात सुरी शिरेना. तेवढ्यात फॅनी घरी आली. तिने त्यावर टकटक केलं.

"आई, एल्मरने कपाटाचं दार केलंय. बिजागरी कुठे बसवायची?"

"चिडवू नकोस गं त्याला," आई म्हणाली आणि स्वतःच हसायला लागली. मग मला म्हणाली, "बाळा, तू त्या पिठाला अगदी घाबरवून टाकलंस. एकदा लाट आणि सोड. फाटलं तर ठिगळ लाव. वर चुरा पडणार आहे, कोण बघतंय?"

आता ओव्हनमध्ये आहे तो दुसरा. त्याला दोन ठिगळं आहेत. सफरचंदांवर दालचिनी भुरभुरून अर्धा कप साय ओतली आणि वर लोणी, साखर आणि मैद्याचा चुरा पसरला. तुला आवडतो तसा जाड. वास तरी बरोबर येतोय.

आता तुझ्या मे महिन्यातल्या पत्राबद्दल. तू लिहिलं होतंस की तुझ्याकडे एक खोली रिकामी आहे, सुतारकामही भरपूर आहे, निघून ये. पाच महिने मी उत्तर दिलं नाही. तीन वेळा लिहिलं, शुद्धलेखन तपासलं आणि चुलीत टाकलं. शाळा आठवीपर्यंतचीच झाली असली तरी शब्द अडत नव्हते.

मी येणार नाही. उन्हाळाभर मी बाप्तिस्म्याच्या शिकवणीला जात होतो आणि येत्या रविवारी माझा बाप्तिस्मा आहे. मला कुणीही ढकललेलं नाही. इथे माझं मन लागतं, दादा. तुझं लागत नव्हतं आणि ते मी कधी खोटं मानलं नाही. शिवाय व्हर्ना आहे. आईने यंदा सेलरीच्या चार ओळी जास्त लावल्यात, आणि लग्नाच्या जेवणाला सेलरी किती लागते हे तुला ठाऊक आहे. चर्चच्या मंडळीत अजून जाहीर झालेलं नाही, तेव्हा कुठे बोलू नकोस.

तू बाप्तिस्मा घेऊन मग मंडळी सोडून गेलास, म्हणून तिने तुला वाळीत टाकलं; बाप्तिस्मा झालेल्यांनी तुझ्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही. तू घरी येतोस तेव्हा आई मोठ्या टेबलाला लागून लहान टेबल मांडते आणि दोन्हींवर मिळून एकच मेणकापड घालते. त्याखाली फट असते. मी मोजली आहे, सव्वा इंच. चार वर्षं मी आणि फॅनी तुझ्या बाजूला बसतोय, कारण आमचा बाप्तिस्मा झालेला नाही. रविवारनंतर तुझ्या बाजूला फॅनी एकटीच. मी पलीकडे, आईजवळ. आपण बोलू, मी तुला वाढेनही. पण तुझ्या हातून मला काही घेता येणार नाही. मिठाची बाटलीसुद्धा तू खाली ठेवायची आणि मग मी उचलायची.

हे लिहायला मला पाच महिने लागले.

काल बिशपना विचारायला गेलो. ते कुंपण दुरुस्त करत होते. माझं सगळं ऐकून म्हणाले, "बाप्तिस्मा रविवारी आहे ना रे? मग आधीच कशाला जाऊन बसतोस पलीकडे? शनिवारी तू कुणाच्याही हातचं खा." आणि पुन्हा खिळा ठोकायला लागले.

म्हणून शनिवारी ये. हे पत्र उद्या सकाळच्या टपालात पडेल, तुला शुक्रवारी मिळेल. नऊपर्यंत आलास तर बरं, कारण दुपारी दोनला बाप्तिस्मा घेणाऱ्या आम्हा चौघांना बिशपनी बोलावलंय, मन पक्कं आहे ना हे शेवटचं विचारायला. ट्रक कोठाराच्या मागे लाव. पुढे लावलास तरी कुणी काही म्हणणार नाही.

हा खटाटोप कशासाठी चाललाय, ते मी आईला सांगितलं नव्हतं. आत्ता ती आपणहून म्हणाली, "शुक्रवारी दोन कर. एनोसचं एकात भागत नाही."

तर शुक्रवारी ताजे करतो. मेणकापड आई घालेल, ते तिला चुकणार नाही. पण मी तुझ्या बाजूला असेन.

बाबा गेल्यापासून आपल्याकडे अ‍ॅपल पाय कापायचं काम तुझं होतं. शनिवारी मी सुरी तुझ्यासमोर ठेवीन. तुला हवा तसा काप, वाकडा काप. पहिला तुकडा ताटलीत काढ आणि ताटली माझ्या हातात दे. टेबलावर ठेवू नकोस.

रविवारपर्यंत, आणि त्यानंतरही,
तुझा भाऊ
एल्मर